लहान धंदा आणि कामगार-नुकसानभरपाई : सूट कोणाला, कशापासून?

कामगारविषयक कायद्यांशी लहान धंदेवाइकाची ओळख होते ती बहुधा आकड्यांच्या द्वारे. भविष्य निर्वाह निधीची सक्ती वीस माणसांपासून सुरू होते, ग्रॅच्युइटीची दहांपासून, बोनसची वीसांपासून. विजेच्या शक्तीवर चालणारी जागा कायद्याच्या दृष्टीने ‘कारखाना’ ठरण्यासाठी आता वीस माणसे कामाला असावी लागतात. असे आकडे कानांवर पडत राहिल्यामुळे चार-पाच माणसे हाताशी धरून लेथ चालविणाऱ्या, पावाची भट्टी पेटविणाऱ्या किंवा सुतारकामाची शाळा मांडून बसलेल्या मालकाच्या मनात एक समजूत सहजच रुजते. आपण लहान आहोत, तेव्हा आपण कायद्याच्या कक्षेबाहेर आहोत, ही ती समजूत होय.

पुष्कळ बाबतींत ही समजूत खरी असते. एका बाबतीत मात्र ती सर्वस्वी चुकीची आहे, आणि दुर्दैवाने नेमक्या त्याच बाबतीत चुकीची किंमत सर्वांत मोठी असते. ती बाब म्हणजे काम करताना कामगाराला झालेली इजा अथवा आलेला मृत्यू आणि त्यापोटी मालकाने द्यावयाची नुकसानभरपाई. या दायित्वाला माणसांच्या संख्येचा उंबरठा नाही. ज्या प्रकारच्या कामांना हा कायदा लागू आहे, त्या कामावर एकच माणूस ठेवला असला तरी मालकाचे दायित्व पूर्ण असते.

कायद्याचा थोडा पूर्वेतिहास येथे सांगणे आवश्यक आहे. १९२३ सालचा ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट’ १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तत्पूर्वी जखमी कामगाराला दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि ते त्याच्या कुवतीबाहेरचे होते. १९२३ च्या अधिनियमाने हा प्रश्नच बाजूला सारला. अपघात कामातून व कामाच्या ओघात उद्भवला एवढे दाखविले की पुरे. चूक कोणाची याचा शोध घेण्याचे कारण उरले नाही. २००९ च्या दुरुस्तीने या अधिनियमातील ‘कामगार’ हा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला व १८ जानेवारी २०१० पासून अधिनियमाचे नावही त्याप्रमाणे बदलले. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात त्याच्या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात येऊन जुना अधिनियम निरसित झाला. त्या दिवसापूर्वी घडलेल्या अपघातांचे हक्क व दायित्वे जुन्या अधिनियमाप्रमाणेच पाहिली जातात. सुदैवाने मूळ चौकट दोन्हींत सारखीच असल्याने पुढील विवेचन उभयतांना बहुतांशी लागू पडते. जुन्या अधिनियमातील ‘आयुक्त’ या अधिकाऱ्याच्या जागी संहितेने ‘सक्षम प्राधिकारी’ आणला आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

दहाचा आकडा आणि त्याचा खरा अर्थ

गैरसमजाचे मूळ बहुतेक वेळा कर्मचारी राज्य विमा योजनेत असते. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना आता संहितेच्या चौथ्या प्रकरणात आली असून हंगामी कारखाने वगळता दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. विमा योजनेखालील कामगार अपघातात सापडला, तर त्याला व त्याच्या कुटुंबाला मिळणारे लाभ विमा महामंडळ देते. मालकाने आपल्या वर्गणीचा हिस्सा नियमितपणे भरलेला असला की त्याच्यावर नुकसानभरपाईचा स्वतंत्र बोजा येत नाही. १ जुलै २०१९ पासून ही वर्गणी वेतनाच्या चार टक्के झाली. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का.

आता ज्याच्याकडे नऊच माणसे आहेत, त्याचे काय? तो विमा योजनेतून सुटला हे खरे. पण तो सुटून कोठे गेला? तो थेट नुकसानभरपाईच्या प्रकरणाखाली आला, कारण ज्यांना विमा योजनेचे प्रकरण लागू नाही, त्यांच्यासाठीच हे दुसरे प्रकरण आहे. दहा माणसांच्या मालकाचा अपघाताचा बोजा महामंडळ वाहते, तर नऊ माणसांच्या मालकाला तो स्वतःच्या खिशातून वाहावा लागतो. ज्याला लोक ‘सूट’ म्हणून मिरवितात, ती अशा रीतीने लहान मालकाच्या डोक्यावरची छत्री काढून घेणारी आहे. हंगामी कारखान्यांचीही तीच गत. कायद्याच्या व्याख्येत बसणारा गुऱ्हाळघरासारखा हंगामी कारखाना विमा योजनेबाहेर आहे. पण उसाच्या चरकात हात गेला, तर भरपाईचे दायित्व त्या मालकाचेच.

आपल्या दहा माणसांपैकी एकाला कमी करून योजनेतून बाहेर पडू, असा विचारही कोणी करू नये. एकदा योजना लागू झाली की पुढे संख्या घटली तरी ती लागूच राहते. याच्या उलट, दहांपेक्षा कमी माणसे असलेल्या मालकास योजनेत यावयाचे असेल, तर मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास तसा अर्ज करता येतो. ही वाट लहान धंदेवाइकांना फारशी ठाऊक नाही, आणि आमच्या मते त्यांतील कित्येकांच्या हिताची तीच आहे. शिवाय विशेष धोक्याच्या कामांच्या बाबतीत एक माणूस असला तरी केंद्र सरकार अधिसूचनेने योजना लागू करू शकते.

दहा या आकड्याविषयी आणखी एक खुलासा. मोजणीत स्वतः मालक येतो काय? आगपेट्यांच्या एका कारखान्याच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. भागीदार स्वतः कारखान्यात राबत व त्याचा मोबदलाही घेत. त्यांना धरले तर आवश्यक संख्या पुरी होई, न धरले तर होत नसे. भागीदारी संस्था म्हणजे भागीदारच, आणि माणूस स्वतःच स्वतःचा नोकर होऊ शकत नाही, या भूमिकेवरून भागीदार ‘कर्मचारी’ नव्हे असा निर्णय न्यायालयाने दिला. मात्र तोच धंदा खाजगी मर्यादित कंपनीच्या रूपाने चालविला, तर चित्र पालटते. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती असल्याने तिचा वेतन घेणारा व्यवस्थापकीय संचालकही कर्मचारी ठरू शकतो, असे त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले आहे. घरचा मुलगा अथवा पुतण्या नियमित वेतनावर कामाला असेल, तर केवळ नातेवाईक म्हणून त्याला मोजणीतून वगळता येईल असे मालकांनी धरून चालू नये.

कोणती कामे कायद्याखाली येतात

संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची लांब यादी आहे. ती येथे संपूर्ण देण्याचे प्रयोजन नाही. गोव्यातील लहान धंद्यांच्या दृष्टीने एवढे सांगितले म्हणजे पुरे की, वीज अथवा अन्य यांत्रिक शक्ती वापरून जेथे वस्तू तयार होते, दुरुस्त होते किंवा तिच्यावर प्रक्रिया होते, ते ठिकाण या यादीत येते. पीठ मळण्याचे यंत्र विजेवर चालविणारा पोदेर, वेल्डिंगचे दुकान, काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना, लाकूड कापण्याची गिरणी ही सर्व त्यांत मोडतात. मोटारवाहनाचा चालक व मदतनीस आहे. झाडे तोडणारा आहे, तसाच माडाची सूर काढणाराही आहे.

या शेवटच्या उदाहरणापाशी किंचित थांबावेसे वाटते, कारण कायद्याची सगळी रेषा तेथे उघड दिसते. एखादा रेंदेर बागायतदाराकडे वेतनावर माडावर चढतो आणि खाली पडतो. तो कर्मचारी आहे, त्याची भरपाई बागायतदाराने द्यावयाची. दुसरा रेंदेर तेच माड खंडाने घेऊन स्वतःच्या हिशोबाने सूर काढतो व विकतो. माड तोच, उंची तीच, पडणेही तेच, पण तो स्वतःच धंद्याचा मालक असल्याने त्याला भरपाई मागण्यास समोर कोणी नाही. प्रत्यक्षात कोण कोणासाठी काम करीत होता, देखरेख कोणाची होती, मोबदला कशाच्या आधारे ठरला होता, हे पाहूनच प्राधिकारी निर्णय करतात. कागदावर ‘कंत्राटदार’ असे लिहून घेतल्याने नोकर कंत्राटदार होत नाही.

जुन्या अधिनियमात नैमित्तिक कामगारांस वगळणारी एक तरतूद होती. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामासाठी प्रसंगोपात्त लावलेला माणूस तिच्यामुळे बाहेर राही. २००० सालच्या दुरुस्तीने ते शब्द गाळले गेले. आजही ‘तो तर चार दिवसांपुरताच आला होता’ असा बचाव ऐकू येतो, त्याचे मूळ या गाळलेल्या शब्दांत असावे. तो बचाव आता टिकण्यासारखा नाही.

मालकाला खरोखर मिळणारी सूट

मालकाचे दायित्व कोणत्या प्रसंगी उद्भवत नाही, हे कायद्याने मोजक्या शब्दांत सांगितले आहे. इजेमुळे येणारी असमर्थता तीन दिवसांपेक्षा अधिक टिकली नाही, तर भरपाई नाही. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या अथवा मादक पदार्थाच्या अंमलाखाली होता आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला, अथवा यंत्रावरील संरक्षक साधन त्याने हेतुपुरस्सर काढून टाकले वा धुडकावले, तर मालक दायित्वातून सुटू शकतो.

परंतु या शेवटच्या तिन्ही अपवादांना एक मोठी मर्यादा आहे, आणि ती फार थोड्या मालकांना माहीत असते. इजेचा परिणाम मृत्यूत किंवा कायमच्या संपूर्ण असमर्थतेत झाला असेल, तर हे तिन्ही बचाव निरुपयोगी ठरतात. मद्यपान केलेला कामगार यंत्रात सापडून दगावला, तरी त्याच्या विधवेची भरपाई बुडत नाही. कमावता हात गेलेल्या घराला दोषाची शिक्षा भोगावयास लावू नये, हा त्यामागील हेतू होय. आणि ‘स्पष्टपणे दिलेला हुकूम’ म्हणजे काय, याचाही विचार व्हावा. ‘सांभाळून काम कर’ असे सकाळी म्हटल्याने तो हुकूम होत नाही. प्रेसवर हातमोजे घालून काम करू नये, पट्ट्यावरील जाळी काढू नये, असे कामगाराला समजणाऱ्या भाषेत सांगितले गेले पाहिजे, आणि तसे सांगितल्याचे दाखविताही आले पाहिजे. जाळी मालकानेच उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवली असेल, तर मग बोलणेच खुंटले.

कामगाराचा साधा निष्काळजीपणा, क्षणभराचे दुर्लक्ष, घाई, हा बचाव नव्हे. लहान कारखान्यांत सर्वाधिक वेळा पुढे केला जाणारा बचाव नेमका हाच असतो.

‘कायमची संपूर्ण असमर्थता’ हे शब्दही वाटतात तितके अरुंद नाहीत. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा एक सुतार १९६८ साली पडून जखमी झाला व त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, एक हात गेला म्हणजे काही माणूस पूर्ण निकामी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही. जे काम तो अपघाताच्या वेळी करू शकत होता, त्यासाठी तो पूर्णपणे असमर्थ झाला, तेव्हा ही संपूर्ण असमर्थताच होय, असा निवाडा झाला. भरपाई देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, प्राधिकाऱ्याच्या निकालापर्यंत थांबून राहण्याची मालकाला मुभा नाही, हेही त्याच निकालाने सांगितले. १९७६ च्या निवाडे-ग्रंथांत नोंदलेला हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

कामाच्या जागेबाहेरचा अपघात ही आणखी एक शंकास्थाने असलेली बाब. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून कामावर जात असताना वाटेत अपघातात मरण पावला. घरून कामावर व कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातीलच समजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरविले. संहितेत तर ही गोष्ट स्पष्ट शब्दांतच आली आहे. रात्रपाळीच्या भट्टीवर माणसे बोलाविणाऱ्या मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

रक्कम किती होते

आता प्रत्यक्ष हिशोबाकडे वळू. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला कामगाराच्या वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. कायमच्या संपूर्ण असमर्थतेत वेतनाच्या साठ टक्के रकमेला. अनुसूचीप्रमाणे हा गुणक विसाव्या वर्षी २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, तर पन्नासाव्या वर्षी १५३.०९ आहे. हिशोबासाठी वेतन कितीही असले, तरी ३ जानेवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने मासिक पंधरा हजार रुपयांची कमाल मर्यादा ठरविली. तत्पूर्वी ती आठ हजार होती. पुढील उदाहरणे या पंधरा हजारांच्या मर्यादेत बसणारी आहेत. ही मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने बदलू शकत असल्याने प्रत्यक्ष प्रकरणात कामगार कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

समजा, तीस वर्षांचा एक वेल्डर मासिक पंधरा हजार रुपयांवर कामाला आहे व छपरावरून पडून त्याचा मृत्यू झाला. साडेसात हजारांस २०७.९८ ने गुणले असता १५,५९,८५० रुपये होतात. तो जगला पण कायमचा अंथरुणाला खिळला, तर नऊ हजारांस त्याच गुणकाने गुणून १८,७१,८२० रुपये. दुसरे उदाहरण पंचवीस वर्षांच्या प्रेस कामगाराचे घेऊ. वेतन बारा हजार, अपघातात अंगठा गेला. अंगठा गमावल्यास कमाईची शक्ती तीस टक्क्यांनी घटते, असे कायद्याचे कोष्टक सांगते. ७,२०० गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२ आणि त्याचे तीस टक्के म्हणजे ४,६८,५२५ रुपये व काही पैसे. याखेरीज उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडेच. कामगार केवळ तात्पुरता असमर्थ झाला असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे या उदाहरणात तीन हजार रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत द्यावे लागतात.

इस्पितळाची बिले भागविली म्हणजे भरपाई दिली, असे मानणारे मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु औषधोपचारावरील खर्च भरपाईत वळता होत नाही.

विलंबाचा हिशोब याहून कठोर आहे. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर दरसाल बारा टक्के व्याज सुरू होते. वेल्डरच्या उदाहरणात हे व्याज वर्षाला १,८७,१८२ रुपये, म्हणजे महिन्याला साडेपंधरा हजारांहून अधिक भरते. जिवंतपणी त्याला जे वेतन मिळत होते, त्याहून किंचित जास्तच. आणि विलंबास समर्थनीय कारण नाही असे आढळल्यास मूळ रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत जादा रक्कम लादली जाऊ शकते. दायित्वाच्या प्रमाणाविषयी वाद असल्यास जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी तरी ताबडतोब भरावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

एकल मालकीच्या धंद्यात धंद्याची मालमत्ता व घरची मालमत्ता असा भेद कायदा करीत नाही. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. भरपाई देण्यापूर्वी मालकाने आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर हस्तांतरित झालेल्या स्थावरावर या रकमेचा पहिला बोजा राहतो. तेव्हा अपघातानंतर दुकान भावाच्या नावावर करणे हा उपाय नव्हे.

पैसे देण्याची रीत

भल्या मनाचा मालक ज्या ठिकाणी हमखास फसतो, ते हे ठिकाण होय. कामगाराचा मृत्यू झाला, मालकाने पंचांसमक्ष त्याच्या पत्नीच्या हाती दोन लाख रुपये ठेवले, स्टॅम्प पेपरवर ‘आमची आता कोणतीही मागणी नाही’ असा अंगठा घेतला, आणि प्रकरण मिटले असे मानले. कायद्याच्या लेखी ते मिटलेले नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते; थेट वारसांना दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतक्या आगाऊ रकमेचा. हा नियम मालकाला अडविण्यासाठी केलेला नाही. मृताची वृद्ध आई, पत्नी व अज्ञान मुले यांत वाटणी कशी व्हावी, अज्ञानांचा हिस्सा कोठे गुंतवावा, हे प्राधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. पैसा बळजोर नातलगाच्या हाती जाऊ नये, यासाठीच ही योजना आहे. परप्रांतांतून आलेल्या कामगारांचे कुटुंब गावी असते व येथे भेटावयास येणारा ‘मेहुणा’ खरा कोण हे मालकाला ठाऊक नसते, हे लक्षात घेता या नियमाचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे.

हक्क सोडून देणारा करारही तसाच निरर्थक. कामावर घेताना ‘अपघात झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही’ अशी चिठ्ठी लिहून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे; तिला कायद्यात किंमत शून्य आहे. याउलट, भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला नेमणुकीच्या वेळीच, त्याला समजेल अशा भाषेत देणे हे २०१७ पासून मालकाचे कर्तव्य करण्यात आले.

कंत्राटदाराच्या माणसांचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. जे काम मालकाच्या धंद्याचाच नेहमीचा भाग आहे, ते कंत्राटदाराकरवी करून घेतले, तर कंत्राटदाराच्या कामगारालाही मूळ मालकाने भरपाई द्यावयाची व नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करावयाची. फर्निचरच्या कारखानदाराने पॉलिशचे काम कंत्राटाने दिले, तर तो यात सापडतो. किराणा दुकानदाराने दुकानाला रंग देण्यासाठी रंगाऱ्यांचा कंत्राटदार लावला, तर रंग देणे हा त्याचा धंदा नसल्याने ही तरतूद त्याला लागू पडत नाही.

विम्याविषयी

एवढे दायित्व असूनही नुकसानभरपाईचा विमा उतरविण्याची सर्वसाधारण सक्ती कायद्याने केलेली नाही, ही आश्चर्याची गोष्ट म्हणावी लागेल. मोटारवाहनाच्या विम्यात चालकाविषयीचे हे दायित्व कायद्यानेच अंतर्भूत होते, पण लेथ किंवा भट्टी यांना तसे बंधन नाही. सार्वजनिक क्षेत्रातील न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चारही कंपन्या तसेच खाजगी विमा कंपन्या असा विमा देतात. हप्ता एकूण वेतनखर्चावर व कामातील धोक्यावर अवलंबून असतो. पाच कामगार असता तीन दाखविणे किंवा निम्मे वेतन कळविणे, हा हप्ता वाचविण्याचा मार्ग अपघाताच्या दिवशी फार महाग पडतो. उपचाराचा खर्च व कंत्राटदाराची माणसे पॉलिसीत समाविष्ट आहेत की नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. पुष्कळदा त्यासाठी वेगळा हप्ता असतो. विलंबामुळे लागलेली पन्नास टक्क्यांपर्यंतची जादा रक्कम मात्र विमा कंपनी देत नाही. मोटार विम्याच्या एका प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ भरपाई व व्याज कंपनीवर टाकले, पण ही रक्कम मालकानेच सोसावी असे सांगितले.

आणि स्वतः मालक?

शेवटी राहतो तो स्वतः राबणारा मालक. लहान धंद्यात मालक आणि कामगार एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभे असतात. कित्येकदा अवघड काम मालक स्वतःकडेच घेतो. त्याच लेथवर कामगाराचा हात गेला तर कायदा त्याच्या पाठीशी आहे. मालकाचा गेला तर नाही. नुकसानभरपाईच्या कायद्यातून खरी सूट कोणाला असेल, तर ती त्यालाच, आणि ती त्याने मागितलेली नसते. कामगारांसाठी घेतलेल्या पॉलिसीतही त्याचे नाव नसते. त्याला वैयक्तिक अपघात विमा वेगळा उतरवावा लागतो. ज्याचा स्वतःचा टेम्पो किंवा रिक्षा आहे आणि जो ती स्वतः चालवितो, त्याच्यासाठी मालक-चालक म्हणून पंधरा लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची तरतूद २०१८ साली करण्यात आली. इतरांसाठी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख व अंशतः कायम अपंगत्व आल्यास एक लाख रुपये मिळतात. १ जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता वीस रुपये झाला. दोन लाखांत धंदा सावरत नाही हे उघड आहे. पण एवढेही संरक्षण नसलेले मालक थोडेथोडके नाहीत. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक आहे याची खात्री करावी. नसल्यास संरक्षण खंडित होते.

नुकसानभरपाईच्या प्रकरणांविषयी अधिक माहिती पणजी येथे पाटोवरील श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्त कार्यालयात कामगार व मालक या दोघांनाही मिळू शकेल. जाताना हजेरीपुस्तक, वेतनाची नोंद आणि असल्यास विमा पॉलिसीची प्रत सोबत न्यावी. अपघात घडून गेला असेल, तर डॉक्टरांचा दाखला व पोलिसांकडील नोंदीची नक्कलही जवळ असावी.